लिस्बनच्या वस्तीतला फादो : कोठे बसावे, कसे ऐकावे?

प्रश्न : दांडियाबाजारकर (बडोदे)

नमस्कार. येत्या एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत आम्हा उभयतांचा मुक्काम लिस्बनला, मुलीकडे असणार आहे. गाणे ऐकण्याची सवय बडोद्यातच लागली. सुरसागरच्या काठावरील संगीत महाविद्यालयातले कार्यक्रम आम्ही तरुणपणापासून ऐकत आलो, आणि घरी फादो या पोर्तुगीज गानप्रकारातल्या गायिका आमालिया रोद्रिगेश यांची ध्वनिमुद्रणे गेली कित्येक वर्षे लागत आली आहेत. तेव्हा लिस्बनला जाऊन फादो ऐकायचा नाही, असे होणे शक्य नाही. अडचण अशी की शोध घेतला की जेवण आणि गाणे एकत्र विकणारे ठरावीक दराचे कार्यक्रमच तेवढे समोर येतात. आमची इच्छा मात्र वस्तीतल्या साध्या खाणावळीत बसून, तेथील रहिवासी आपल्यासाठी गातात ते गाणे ऐकण्याची आहे.

अशा जागा परक्या माणसाने कशा शोधाव्यात, तेथे कसे वागावे आणि भाषा मुळीच येत नसेल तर ऐकणाऱ्याच्या पदरात नेमके काय पडते, हे जाणकारांनी सांगावे. सौभाग्यवती पूर्ण शाकाहारी आहेत आणि मद्य आम्ही दोघेही घेत नाही, हेही लक्षात घ्यावे.

उत्तर : अल्फामाचा शेजारी (लिस्बन, मूळ बडोद्याचा)

दांडियाबाजारकर, आपल्याला हवे आहे त्याला येथे 'फादो वादिओ' म्हणतात. हौशी माणसांनी पाळीपाळीने उठून गायचा हा फादो 'ताश्का'मध्ये, म्हणजे वस्तीतल्या लहान खाणावळीत, रंगतो. मोजकी टेबले, भिंतीवर जुन्या गायकांची छायाचित्रे आणि कोपऱ्यात वादकांसाठी दोन खुर्च्या, एवढाच तेथला सरंजाम असतो. आरंभी अल्फामा, मोरारिया, बाइरो आल्तो आणि ग्रासा या जुन्या वस्त्यांच्या पलीकडे शोधण्याचे कारण नाही. बाइरो आल्तोमधील 'ताश्का दो शीको' आणि अल्फामातील 'आ बायुका' ही नावे सर्वांच्या तोंडी आहेत, आणि म्हणूनच तेथे पाहुण्यांचीही गर्दी असते. तरीही गाण्याचा बाज टिकून आहे, असे माझे मत आहे.

याहून आतली जागा हवी असेल, तर दुपारच्या वेळी या गल्ल्यांतून पायी हिंडावे. दारावर हाताने लिहून चिकटवलेल्या कागदावर गाण्याचा वार आणि वेळ दिलेली असते. वार बदलत राहतात, म्हणून कोणाच्या जुन्या टिपणावर विसंबू नये, आत जाऊन विचारावे. वस्तीतली क्रीडा आणि करमणूक मंडळेही आपल्या सभागृहात फादोच्या रात्री ठरवतात. तेथे लांबलचक टेबलांवर तीन-तीन पिढ्यांची कुटुंबे जेवत असतात आणि परका माणूस क्वचितच दिसतो. ग्रासाच्या टेकडीवर शनिवार-रविवारी भर दुपारीही गाणे होते. रात्रीचे जागरण सोसत नसेल, तर आपल्यासाठी तेच सोयीचे.

आता रात्रीचा क्रम सांगतो, कारण तो ठाऊक असला की संकोच निम्मा उरतो. साधारण साडेसात-आठपर्यंत जाऊन जागा धरावी. जेवण आधी सुरू होते. नऊच्या सुमारास दिवे मंद होतात, वाढणे थांबते, रस्त्याकडचे दार लोटले जाते आणि कोणीतरी मोठ्याने सांगतो की शांत व्हा, आता फादो गायला जाणार आहे. बारा तारांची पोर्तुगीज गितारा आणि तिच्या जोडीला साधी गिटार, जिला येथे 'व्हिओला' म्हणतात, एवढ्याच साथीवर गायक उभा राहतो. कोणता फादो आणि कोणत्या स्वरात, हे तो वादकांच्या कानात सांगतो. पूर्वतयारी एवढीच. एकेक गायक बहुधा तीन फादो गातो, मग दिवे लागतात, ताटल्या पुन्हा फिरू लागतात आणि काही वेळाने दुसरा कोणी उठतो.

मी नेहमी जातो त्या ताश्कात स्वयंपाक करणाऱ्या बाई स्वतः गातात. त्यांची पाळी आली की त्या गॅस बारीक करतात, एप्रनला हात पुसतात, दारामागच्या खिळ्यावरची काळी शाल घेऊन एप्रनवरच पांघरतात आणि वादकांच्या शेजारी येऊन डोळे मिटून उभ्या राहतात. खोली इतकी लहान आहे की ओळीच्या आधी त्यांनी घेतलेला श्वासही ऐकू येतो. ध्वनिक्षेपक नसतो. तिसरा फादो संपला की शाल पुन्हा खिळ्यावर जाते आणि दोनच मिनिटांत आतून कांदा परतल्याचा वास येऊ लागतो. शेजारच्या टेबलावर मातीच्या भांड्यात दारूच्या ज्वाळेवर सॉसेज भाजले जात असते, आणि त्याच माणसांपैकी एखादा पुढच्या फेरीत गायला उभा राहतो.

वागण्याचे नियम कोठे लिहिलेले नसतात, पण ते कडक आहेत. गाणे चालू असता बोलू नये, खुर्ची सरकवू नये, काटे-चमच्यांचा आवाज करू नये आणि आत-बाहेर जाऊ नये. बाहेर फरसबंदीवर उभे असलेले लोकसुद्धा दोन गाण्यांच्या मधेच आत येतात. भ्रमणध्वनीचा प्रकाश डोळ्यांवर येईल असे चित्रीकरण करू नये. एखाद्या चपळ फादोच्या ध्रुवपदात सगळी खोली सामील झाली तर तुम्हीही खुशाल गुणगुणा, पण संथ फादोत टाळ्यांचा ठेका धरणे वर्ज्य आहे. शेवटची ओळ पोहोचली की 'आ, फादिश्ता!' अशी दाद उठते. ती मनापासून आली तर अवश्य द्यावी. उत्तम गायकाला ती पैशांहून मोलाची वाटते.

खाण्याचे सांगतो. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज आणून ठेवतात. खाल्ले तर त्याचे पैसे लागतात, नको असेल तर तसे सांगून परत पाठवता येते. 'काल्दो वेर्द' हे हिरव्या पाल्याचे सूप दिसायला शाकाहारी असले, तरी त्यात बहुधा सॉसेजचे काप असतात, म्हणून 'सें कार्ने, सें पेश' म्हणजे मांस नको, मासा नको, असे आधीच सांगावे. मद्य न घेण्याला कोणाचीच हरकत नसते. मात्र जागा अडवून नुसते पाणी पीत बसणे योग्य नव्हे, दुकानाचे पोट खाण्यापिण्यावरच चालते. माझा सल्ला असा की वहिनींचे जेवण मार्तिम मोनीझ चौकाच्या परिसरात आधीच उरकावे. तेथे भारतीय दुकाने आणि खाणावळी आहेत. दीवहून, तसेच मोझांबिकमार्गे, आलेली गुजराती कुटुंबे लिस्बनमध्ये मोठ्या संख्येने स्थायिक असून त्यांचे राधाकृष्णाचे मंदिरही शहरात आहे, त्यामुळे बडोद्याच्या माणसाची गुजराती येथे पुष्कळ कामी येते. मोरारिया वस्ती या चौकाला लागूनच आहे, म्हणजे जेवणानंतर पाच मिनिटे चालले की फादोच्या माहेरी.

उत्तर : ग्वाल्हेरची श्रोती

भाषेच्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण मी गाणे शिकवते आणि पोर्तुगीज न येताही बरीच वर्षे फादो ऐकत आले आहे.

पारंपरिक फादोची रचना समजून घेतली तर ऐकणाऱ्याच्या हाती मोठे साधन येते. यात चाल आणि काव्य एकमेकांना कायमचे बांधलेले नसते. आपल्या संगीत नाटकांत साकी किंवा दिंडी यांची चाल ठरलेली असे आणि त्या मापात बसणारे कोणतेही पद तीत गाता येई, तसाच हा प्रकार आहे. चार, पाच किंवा सहा ओळींच्या कडव्याचे माप जुळले की गायक आपल्या आवडीचे काव्य त्या चालीत घालतो. म्हणूनच अनोळखी वादकांसमोर उभे राहून चालीचे नाव आणि स्वर सांगितला की काम भागते, आणि म्हणूनच हौशी माणसाला तालमीशिवाय उभे राहता येते. ही सोय नसती तर खाणावळीतला फादो टिकलाच नसता, असे मला वाटते.

तीन चाली सर्वांत जुन्या मानल्या जातात आणि त्यांचे कर्ते अज्ञात आहेत. फादो मेनोर, फादो कोरीदो आणि फादो मोरारिया ही त्यांची नावे. मेनोर हा पाश्चात्त्य 'मायनर' सप्तकातला, संथ आणि शोकाकुल असतो, तर कोरीदो 'मेजर'मधला आणि धावता. साथीतले स्वरसंघात (कॉर्ड) दोनच, आधाराचा आणि त्याच्या पंचमावरचा. एवढ्या तुटपुंज्या चौकटीत गायकाला जे काही करायचे ते आवाजाने करायचे असते. कडवे पुन्हा पुन्हा येते, पण चांगला गायक प्रत्येक वेळी ओळीला निराळे वळण देतो, शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवतो, एखाद्या स्वरावर थबकतो आणि वादकांना आपल्यासाठी थांबायला लावतो. दांडियाबाजारकर, आपला कान आपल्या गाण्यावर पोसलेला आहे. पहिल्या कडव्यात चाल मनात धरा आणि पुढच्या कडव्यांत गायक तिच्याशी काय करतो याकडे लक्ष द्या. शब्द न कळताही प्रामाणिक गाणे आणि नुसता आव यांतला फरक आपल्याला कळेल, याची मला खात्री आहे.

गितारेकडे स्वतंत्रपणे लक्ष द्यावे. तिच्या बारा तारा सहा जोड्यांत असतात, शरीर नासपतीच्या आकाराचे असते आणि खुंट्यांचा भाग पंख्यासारखा पसरलेला असतो. वादक अंगठा आणि तर्जनीवर नख्या चढवून ती छेडतो, त्यामुळे नाद धारदार आणि थरथरता येतो. गायकाचा श्वास पडला की त्या रिकाम्या जागेत गितारा उत्तर देते, आणि हे उत्तर ती त्या क्षणी रचत असते. अरमांदिन्यो (१८९१–१९४६) या वादकाने गितारेला हे साथीचे वैभव मिळवून दिले, असे जाणकार मानतात. मधूनच गायक बसून राहतात आणि नुसते वादन होते, त्याला 'गितारादा' म्हणतात. अशा वेळी लोक बोलायला लागतात असा अनुभव सांगितला जातो. आपण मात्र ऐकावे.

उत्तर : मैफलीचा प्रवासी (इंदूर)

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी व्यावसायिक फादोगृहांना टाळावे असा जो सूर प्रश्नात आहे, तो मला पटत नाही.

इतिहास पाहिला तर गाणे वस्तीतून गृहात कसे गेले ते कळते. मारिया सेवेरा (१८२०–१८४६) मोरारियात गायची, काउंट व्हिमिओझो या उमरावाशी तिच्या संबंधांची कथा सर्वत्र पसरली आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षीच ती वारली. गायिका काळी शाल पांघरतात ती तिच्या आठवणीने, असे सांगतात. त्या काळी फादो खलाशी, हमाल, कारागीर आणि गुत्त्यांत वावरणाऱ्या माणसांचा होता. पुढे १९२६ चे लष्करी बंड झाले आणि १९२७ च्या कायद्याने गायकांना व्यावसायिक परवाना सक्तीचा झाला, गीते आधी तपासून घेणे बंधनकारक झाले. तेव्हापासून ठरलेल्या जागी, ठरलेल्या गायकांचा, जेवणासोबतचा फादो रुजला. म्हणजे ज्या प्रकाराला आपण पर्यटकांसाठी काढलेला समजतो, त्याची मुळे सरकारी धाकात आहेत. त्या धाकातही मोठे गाणे झाले, हे विसरून चालणार नाही.

शिवाय दोहोंमधली भिंत फार उंच नाही. १९८२ मध्ये निवर्तलेले आल्फ्रेदो मार्सेनेइरो हे सुतारकाम करीत असत आणि आजही गायल्या जाणाऱ्या अनेक पारंपरिक चाली त्यांच्या आहेत. मोरारियात जन्मलेले फेर्नांदो माउरीसियो (१९३३–२००३) मोठे नाव मिळवूनही वस्तीचेच राहिले. आजच्या कित्येक नामवंतांचे शिक्षण ताश्कातच झाले आणि रात्री कामाच्या जागचे गाणे संपवून ते मित्रांच्या ताश्कात येऊन गातात. उलट हौशी रात्रीत गाणे कमीअधिक प्रतीचे असते. एखादा बेसूरही निघतो आणि खोली त्यालाही तितक्याच शांतपणे ऐकते. ही उदारता मला मनापासून आवडते, पण पहिल्याच रात्री कानावर तेवढेच पडले, तर फादोची उंची कळायची राहील. म्हणून एक रात्र तरी चांगल्या गृहासाठी राखून ठेवा, आणि त्याआधी अल्फामातले फादो संग्रहालय पाहा. ते १९९८ पासून आहे आणि तेथे जुनी ध्वनिमुद्रणे ऐकता येतात. त्यानंतर २०११ मध्ये युनेस्कोने फादोला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले.

उत्तर : एव्होराची विद्यार्थिनी (माहेर बडोदे, प्रतापनगर)

काका, लिस्बनपुरतेच थांबू नका. दक्षिणेकडच्या आलेंतेजो प्रांतात, विशेषतः सेर्पाच्या परिसरात, शेतमजूर आणि खाणकामगारांचे समूहगान आहे. त्याला 'कान्ते आलेंतेजानो' म्हणतात आणि २०१४ मध्ये तेही युनेस्कोच्या यादीत आले. यात वाद्य नसते. 'पोंतो' नावाचा एकटा आवाज कडवे उचलतो, 'आल्तो' हा दुसरा, उंच आवाज त्याच्या वरून प्रवेश करतो आणि मग सगळा समूह जड, संथ लयीत मिसळतो. गावच्या गुत्त्यात दुपारी टेबलाभोवती बसलेली वयस्क माणसे सहज सुरू करतात तेव्हा ते ऐकण्यासारखे असते. पोर्तुगालमधील हुकूमशाही उलथवणाऱ्या २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीच्या रात्री रेडिओवरून जे गाणे इशारा म्हणून वाजले, त्याचा घाट याच गायकीचा होता. तुम्ही एप्रिलअखेर येथे असाल, तेव्हा त्या दिवशी ते चौकाचौकात कानावर येईल.

कोइम्ब्रा या विद्यापीठाच्या शहरातला फादो हा निराळा विषय आहे. तो काळ्या झग्यातले विद्यार्थी गातात, परंपरेने फक्त पुरुष, आणि तेथे टाळ्यांऐवजी खाकरून दाद देण्याची चाल आहे. मे महिन्यात विद्यार्थ्यांच्या उत्सवात जुन्या कॅथेड्रलपाशी मध्यरात्री होणारे गायन साधले तर पाहावे. कार्लोस पारेदेश (१९२५–२००४) या गितारावादकाचे वादन त्याआधी ऐकून ठेवलेत, तर लिस्बन आणि कोइम्ब्रा या दोन गितारांचा निराळा नाद कानात बसेल. कोइम्ब्राची गितारा एक स्वर खाली मिळवलेली असते.

दांडियाबाजारकर (बडोदे)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. व्यावसायिक गृहांबद्दलचा माझा ग्रह आता सैल झाला आहे. आणखी दोन शंका आहेत. सौभाग्यवती नाट्यपदे उत्तम गातात. हौशी माणसांच्या अशा रात्री पाहुण्याने गाण्याची इच्छा दर्शवावी का? आणि जूनमध्ये संत अंतोनीचा सण असतो असे ऐकले, तो काळ फादो ऐकायला कसा असतो?

उत्तर : अल्फामाचा शेजारी (लिस्बन, मूळ बडोद्याचा)

पाळी मागू नये, असे मी स्पष्टच सांगतो. ती फेरी फादोची आहे. वादकांना त्या चाली येतात आणि ऐकणारे त्यासाठीच गप्प बसलेले असतात. गोव्याच्या सोनिया शिरसाट लिस्बनच्या रसिकांसमोर फादो गातात, पण त्यांनी फादोच आत्मसात केला आहे. मात्र आपण एकाच ताश्कात वरचेवर जाऊ लागलात, की मालक आणि वादक नावाने ओळखू लागतात. मग फेऱ्या संपल्यावर, मागची मंडळी उरलेली असताना, 'तुमच्याकडचे काही ऐकवा' असे कोणीतरी म्हणतेच. तेव्हा वहिनींनी अवश्य गावे, आणि लांब आलाप न घेता सरळ पदाला हात घालावा. गितारावादक दोन ओळींत स्वर शोधून घेतो. अशी रात्र मी अनुभवली आहे आणि तेथल्या लोकांनी मराठी पद फादोइतक्याच निःशब्दपणे ऐकले.

जूनचे म्हणाल, तर १२ तारखेची रात्र गाण्यासाठी उपयोगाची नाही. त्या रात्री अल्फामात सार्डिन भाजण्याच्या धुराने आणि नाचणाऱ्यांच्या गर्दीने पाऊल ठेवायला जागा नसते, कर्ण्यांवर उडती गाणी लागलेली असतात आणि बहुतेक ताश्का मासळी विकण्यात गुंतलेल्या असतात. उत्सव म्हणून बघावा, मुलीचा हात धरून. फादोसाठी एप्रिल-मे गाठा, सोमवार ते गुरुवार निवडा. पहिल्या दिवशी उजेडी मार्तिम मोनीझहून रुआ दो कापेलाँव या गल्लीत शिरावे. तोंडाशीच गितारेचे दगडी शिल्प आहे आणि पुढे वस्तीतल्या भिंतींवर गायकांची छायाचित्रे आहेत. तेथेच कोणत्याही दुकानात 'ओजे आ फादो?', म्हणजे आज फादो आहे का, असे विचारा. ज्या दाराकडे बोट दाखवतील तेथे साडेसातला परत या, आणि बसताना स्वयंपाकघराच्या दारापासून दूरचे, भिंतीकडचे टेबल मागून घ्या.